तुडीलचा रुंबा

त्या मंगळवारी सकाळी दुकान उघडून मी नुकताच कामाला बसलो होतो. तुडीलहून येणाऱ्या पहिल्या एस.टी.चा कंडक्टर रस्त्यापलीकडे चहाला उतरला होता. तो तसाच ग्लास हातात धरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुमचा आफ्रिकावाला गेला. पहाटेच. दुपारी माती हाय. हलिमाबीनं तुमाला सांगायला सांगितलंय." मी "बरं" म्हणालो. तो उभ्या उभ्याच चहा संपवून गेला. समोर एका डीव्हीडी प्लेअरचं पोट उघडं पडलं होतं आणि ज्याचा तो होता ते वरंधचं गिऱ्हाईक परतीच्या गाडीसाठी बाकावर खोळंबलं होतं. मी ते काम पुरं केलं, त्याला वाजवून दाखवलं आणि मग शटर ओढलं. त्यात काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. जे गेले त्या इद्रिसचाचांनीही माझ्या जागी तेच केलं असतं.

तुडीलच्या कब्रस्तानात तीस-चाळीस माणसं होती. गावातली म्हातारी मंडळी, कुवेत-मस्कतहून सुट्टीवर आलेले तिघे-चौघे, आणि एका बाजूला डोक्याला रुमाल बांधून उभे असलेले पोलादपूरच्या बेंजो पार्टीचे चौघे वादक. रांगेत उभं राहून मीही तीन मुठी माती टाकली. बाजूचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "म्हातारा गप्प गप्प असायचा, नाय?" मी मान हलवली. समुद्राच्या पलीकडच्या काठावर, मोंबासापासून दार-ए-सलामपर्यंत, एका विशिष्ट वयाची हजारो माणसं या गप्प माणसाच्या गाण्यावर लग्नात नाचलेली आहेत, हे तिथे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. आज सात आठवड्यांनी ते लिहितो आहे, कारण त्यांची बहीण हलिमाआपा म्हणाल्या, "तू ल्ही. मना तर ल्हिता येत नाय."

मी लेखक नाही. माझं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. महाडच्या बाजारपेठेत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. चाचा पहिल्यांदा भेटले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं होती. कोकण रेल्वेचे बोगदे खोदले जात होते, हायवेवर डंपरची धूळ उडायची आणि माझ्याकडे दिवसाला पाच-सहा टेपरेकॉर्डर यायचे, निम्मे तरी गल्फहून आलेले. अशाच एका दुपारी एक उंच, काळे, कुरळ्या पांढऱ्या केसांचे गृहस्थ दुकानात आले. वय साठीच्या आसपास. मला वाटलं, मुरुडकडचे सिद्दी असतील. त्यांनी काउंटरवर एक चपटा गोल पत्र्याचा डबा ठेवला. डब्यात जुन्या पद्धतीची, मोठ्या चकतीवर गुंडाळलेली टेप होती. कॅसेटच्या आधी असायची, आकाशवाणीवर वापरत ती.

"ही वाजत नाय," ते म्हणाले. "बापाचा आवाज हाय हिच्यात."

टेपपेक्षा मला त्यांच्या बोलण्याचंच नवल वाटलं. शब्द आमच्याच भागातले, पण माझ्या आजीच्या तोंडी ऐकलेले, मी विसरून गेलेले. पुढे उलगडा झाला. हे गृहस्थ, इद्रिस हसन मुकादम, जन्मले मोंबासाला. आई तिथली, स्वाहिली बोलणारी. वडील तुडीलचे. मराठी ते फक्त वडिलांकडून शिकले, आणि वडिलांनी तुडील सोडलं ते दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी. त्यामुळे इद्रिसचाचांच्या जिभेवर जे तुडील होतं ते इथे कुणाच्याच घरात उरलेलं नव्हतं. स्वतः त्यांनी ते गाव कधी पाहिलंही नव्हतं. वडिलांमुळे पासपोर्ट भारताचा, बायको वारलेली, एकुलती मुलगी मस्कतला नांदत असलेली... आणि ते एक कपड्यांची पेटी, एक गिटार आणि हा डबा घेऊन महाडला उतरले होते.

त्यांचे वडील हसन मुकादम सुतार होते, गलबतांची कामं करायचे. तुडीलला बायको आणि चार वर्षांची मुलगी ठेवून ते बोटीनं गेले. मुलगी सात वर्षांची असताना एकदा येऊन गेले. मग तिकडेच दुसरं घर केलं. काही वर्षं पत्रं येत होती, नंतर ती थांबली. तुडीलची बायको वाट पाहून वारली. मुलगी म्हणजे हलिमाआपा. ही हकिगत इद्रिसचाचांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली, कुणाची बाजू न घेता, पत्ता सांगावा तशी.

गिटार ते बंदरावर शिकले. काँगोकडून आगगाडीनं, ट्रकनं फिरत येणारे वादक मोंबासाच्या हॉटेलांमध्ये रुंबा वाजवायचे. रुंबा म्हणजे कसला तरी नाच, एवढंच मला माहीत होतं. चाचा म्हणाले, नाच तर आहेच, पण आधी तो एक प्रवास आहे. "आमची मानसं धरून जहाजात घालून नेली, क्युबाला नि कुठं कुठं. त्यांची गानी त्यांच्याबरोबर गेली. लय पिढ्यांनी ती तबकड्यांवर बसून परत आली. लोकांनी ऐकलं नि म्हनले, अरे, हे तर आपलंच हाय." सुरुवातीला त्यांच्या गिटारीला तारा मिळायच्या नाहीत, तेव्हा ते सायकलच्या ब्रेकची केबल उसवून त्यातली एकेक बारीक तार लावत. हे ऐकल्यावर आमची मैत्री पक्की झाली. ब्रेकच्या तारेनं मीही बरेच रेडिओ चालू केले होते.

त्यांचं म्हणून जे काम होतं ते मला समजायला वेळ लागला. त्या काळी मोंबासाच्या बँडमध्ये दोन गिटारी असत. एक गाण्याबरोबर बोलायची, दुसरी ताल धरायची. चाचांनी दोघींच्या मध्ये तिसरी घातली. ती ना पुरती गाणं म्हणायची, ना पुरता ताल धरायची. दोघींच्या फटीतून वाहत राहायची. शब्द स्वाहिली, किनाऱ्यावरच्या माणसांचे. तिकडच्या किनाऱ्यावर असा रुंबा पहिल्यांदा वाजवणाऱ्यांत ते होते. पहिले तेच की आणखी कुणी, यावर तिकडे वाद आहेत असं नंतर कळलं. मी एकदा विचारलं, तीन गिटारी एकमेकींच्या पायात येत नाहीत का? तर म्हणाले, "बाप सांगायचा, तुडीलात तीन बायका एका उखळात भात कांडतात. तीन मुसळं, एक उखळ. कुनाचं मुसळ कुनाला लागत नाय. मी ते कदी बघितलं नाय. पन त्याच्यावरनंच केलं." मी लहानपणी ते पाहिलेलं होतं. माझी आई, आजी आणि काकू. मला दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही.

टेप बघितली तर वेटोळी एकमेकांना चिकटलेली, वर बुरशीचे पांढरे ठिपके. ती वाजवायचं यंत्रच महाडात कुणाकडे नव्हतं. एका शाळेच्या अडगळीत पडलेलं मिळालं, त्याचा रबरी पट्टा सुकून तुकडे झालेले. पट्टा करण्यात आठ दिवस गेले, टेप सोडवण्यात तीन आठवडे. रोज दुपारी थोडी थोडी, कापसाला स्पिरिट लावून, हातभर टेप. चाचा शेजारी बसून कापसाचे बोळे करून द्यायचे. ते मला 'फुंडी' म्हणू लागले. स्वाहिलीत कारागिराला फुंडी म्हणतात, सुतार असो, शिंपी असो, नाहीतर रेडिओ दुरुस्त करणारा. तिकडे लोक त्यांनाही फुंडी इद्रिस म्हणत. बँडवाल्यांमध्ये ही पदवी सगळ्यांना मिळत नसे, असं त्यांनी एकदाच आणि जरा घाईनं सांगितलं.

अशी टेप एकदाच वाजेल, दुसऱ्यांदा वाजेलच याचा भरवसा नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून पहिल्याच वेळी शेजारी कॅसेट लावून उतरवून घेतली. सुरुवातीला खरखर, कुणाची तरी स्वाहिलीतली सूचना, मग एका वयस्क पुरुषाचा आवाज. सुतारकाम करणाऱ्या माणसाचा, गायकाचा नव्हे. तो लग्नातलं बायकांचं गाणं म्हणत होता. पहिल्या कडव्यात बायका नवरीच्या न्हाणासाठी विहिरीवर पाणी भरायला जातात. दुसऱ्यात ते पाणी नवरीच्या अंगावर घालतात. दुसरं कडवं संपलं, आवाज थांबला, खोकला आला. मग तो म्हणाला, "पुढचं मना नाय येत. पुढचं हलूच्या आयशीला म्हायती." कुणीतरी हसलं आणि टेप संपली.

त्या चालीवर चाचांनी जे गाणं केलं ते त्यांचं सर्वांत गाजलेलं. नैरोबीला तबकडी निघाली, रेडिओवर वाजली, लग्नघरांतून वाजली. पण कडवी दोनच. तिसऱ्या कडव्याच्या जागी नुसती गिटार. लोकांना तेच आवडलं. तिथे शब्द नाहीत म्हणून पाय जास्त मोकळे होतात, असं म्हणायचे. चाचा म्हणाले, "लोकांना वाटलं मी हुशारीनं रिकामी जागा ठेवली. मना म्हायतीच नव्हतं तिथं काय हाय. तीस वर्षं मी तिथं काय तरी वाजवून वेळ मारून नेली. मना पुढचं पायजे, फुंडी." ते इथे का आले होते ते तेव्हा मला कळलं. जमिनीसाठी नाही, घरासाठी नाही. एका कडव्यासाठी.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून मी त्यांना तुडीलला नेलं. हलिमाआपा तेव्हा सत्तरीच्या असतील. नवरा वारलेला, मुलगा गल्फात, सून आणि नाती घरात. ओट्यावर बसून सुपानं तांदूळ पाखडत होत्या. चाचा ओट्याच्या खाली उभे राहिले. त्यांनी नाव सांगितलं नाही, सलाम केला नाही. म्हणाले, "हलू हाय का घरात?"

त्या नावानं त्यांना फक्त वडील हाक मारत, हे त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं की सूप हवेत थांबलं. त्यांनी चाचांकडे पाहिलं. उंची पाहिली, केस पाहिले. मग म्हणाल्या, "हलू मेली. कवाच." आणि पुन्हा पाखडू लागल्या.  कुणी बसा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी स्कूटर वळवली. महाडात उतरल्यावर चाचा इतकंच म्हणाले, "हात बापासारखेच हायत तिचे."

मला वाटलं, ते आता परत जातील. पण त्यांनी बाजारपेठेमागच्या गल्लीत एका शिंप्याच्या माडीवर खोली घेतली. दुपारी माझ्या दुकानात बसायचे, फाटलेल्या स्पीकरचे कागद चिकटवायचे. ते काम ते माझ्यापेक्षा नेटकं करायचे. बाजारात लोक त्यांना 'आफ्रिकावाला' म्हणू लागले, काही जण त्याहून वाईट काही. ते ऐकून घेत. प्रत्येक शुक्रवारी एस.टी.नं तुडीलला जाऊन जुम्म्याची नमाज पढायचे आणि नंतर हलिमाआपांच्या घरावरून चालत नदीपर्यंत जाऊन यायचे. जाताना एकदा, येताना एकदा. थांबायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. असं सात-आठ महिने चाललं. गावात कुजबूज झाली असणारच. पुढे आपांच्या सुनेनं मला सांगितलं की शुक्रवारी त्या वेळेला सासूबाई काही ना काही काम काढून ओट्यावर बसायच्या आणि मान वर करायच्या नाहीत.

मग एके दिवशी त्या स्वतः दुकानात आल्या. डोळे दाखवायला महाडला आल्या होत्या, सून बरोबर होती. चाचा आतल्या बाजूला स्पीकर घेऊन बसलेले. त्यांच्याकडे न बघता त्या मला म्हणाल्या, "बापाचा आवाज हाय म्हनं तुज्याकडं. लाव."

मी स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत. मी कॅसेट लावली. पहिलं कडवं, दुसरं कडवं, खोकला. 'पुढचं हलूच्या आयशीला म्हायती' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी काउंटरच्या काचेवर हात टेकवला. आवाज संपला तरी खरखर चालूच होती. मी बंद केली नाही.

"आवाज तोच हाय," त्या म्हणाल्या. "गानं माज्या आयचं हाय. त्याला काय येत होतं? दारात बसून ऐकायचा."

आतून चाचा म्हणाले, "पुढचं तुला येतं?"

"येतं."

"सांगशील?"

"नाय." आणि मग पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुज्या बापानं दोन कडवी नेली. ती त्यानं तुला दिली, तू दुनियेला दिली. एक तरी माज्या आयचं ऱ्हाऊ दे घरात."

यावर चाचांनी हुज्जत घातली नाही. मान खाली घालून ते "बरं हाय" म्हणाले. आपा गेल्यावर त्यांनी स्पीकरचा तो कागद पुन्हा हातात घेतला आणि मी त्यांच्याबरोबर काम केलेल्या सगळ्या दिवसांत त्या एका दिवशी त्यांच्या हातून कागद फाटला.

त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर त्यांना कावीळ झाली. चांगलीच उतरली अंगात. मी डबा द्यायचो, डॉक्टर बोलावून आणला, पण माडीवरच्या त्या खोलीत त्यांची तब्येत खालावत चालली. तुडीलच्या एस.टी.त कुणाजवळ तरी मी बोललो असेन. तिसऱ्या दिवशी सकाळी एक रिक्षा येऊन उभी राहिली. आपा माडी चढून वर आल्या, खोलीत एकवार नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "पेटी उचल." चाचा अंथरुणातून म्हणाले की त्रास नको. त्यावर त्या म्हणाल्या, "माज्या बापाचा हायस. भाड्याच्या खोलीत मरायला दर्या वलांडून नाय आलास." पेटी मी उचलली. गिटार भडक रंगांच्या आफ्रिकन कापडात गुंडाळलेली होती. ती त्यांनी स्वतः काखेत घेतली, सरपणाची मोळी घ्यावी तशी.

ते बरे झाले आणि तिथेच राहिले. पुढची तेरा वर्षं. ओट्याला लागून एक लहान खोली होती, पूर्वी भाताच्या कणग्या ठेवायची. ती त्यांची झाली. आठवड्यातून दोनदा दुकानात यायचे. बहिणीविषयी फारसं बोलत नसत. गिटार वाजवायचे, पण दुपारच्या झोपेतून घरातली माणसं उठल्यावर, आणि हळू. आपांनी कधी हरकत घेतली नाही आणि कधी कौतुकही केलं नाही. कडव्याचा विषय चाचांनी पुन्हा काढला नाही. मी एकदा म्हणालो, एकदा विचारून तर बघा. ते म्हणाले, "तिनं नाय म्हनलंय. दोनदा इचारलं तर तिला दोनदा नाय म्हनावं लागंल."

मग आपांच्या थोरल्या नातीचं लग्न निघालं. नवरीच्या न्हाणाच्या दिवशी मीही गेलो होतो. मांडवात पुरुष बसलेले, आत बायकांचा डफ आणि गाणी चाललेली, भर दुपारची वेळ. मी आणि चाचा भिंतीला टेकून बसलो होतो. आत ते गाणं सुरू झालं. त्यांच्या ते लक्षात आलं आणि मलाही, पण आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिथे बायकांचे आवाज विरळ झाले, कारण पुढचं तरण्या बायकांना येतच नव्हतं. डफ तेवढा चालू राहिला. मग एकटा म्हातारा आवाज उठला. हलिमाआपा दाराच्या चौकटीत येऊन बसल्या होत्या, आतही नाही आणि बाहेरही नाही, तोंड मांडवाकडे. तिसऱ्या कडव्यात नवरीची आई बोलते. ती मुलीला थांब म्हणत नाही, परत ये म्हणत नाही. ती म्हणते, इथलं पाणी तुझ्या अंगावर घातलं, ते सुकून जाईल... आता तिथलं पाणी तुला मानवू दे.

एवढंच. चार ओळींचं कडवं. आपांनी ते दोनदा म्हटलं, उठल्या आणि आत गेल्या. चाचा गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजत होते. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं, निदान मला दिसलं नाही. नंतर जेवताना म्हणाले, "मी तिथं लय नाचवलं लोकांना. तिथं थांबायचं होतं." आणि थोड्या वेळानं, "बाप हे इसरला नव्हता, फुंडी. त्याला म्हनवत नव्हतं." ते खरं की त्यांचा तर्क, कुणास ठाऊक. मी तो टेपमधला खोकला नंतर बऱ्याचदा ऐकला. खोकल्यावरून काही ठरवता येत नाही.

त्यांची गिटार नंतर बदलली. तिसऱ्या भागात आधी जी बोटांची धावपळ असायची ती गेली. दोन सूर, मग गप्प, मग दोन सूर. याच सुमारास पोलादपूरच्या बेंजो पार्टीचे लोक दुकानात अॅम्प्लिफायर घेऊन आले, चाचा सहज वाजवत होते ते ऐकत उभे राहिले आणि मग दर पंधरा दिवसांनी तुडीलला जाऊ लागले. बेंजो म्हणजे आमच्याकडे हळदीला, मिरवणुकीला वाजतो तो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, कर्कश. चाचांनी त्यांना तीन बेंजो एका उखळात कसे घालायचे ते शिकवलं. आज पोलादपूर-महाडकडच्या हळदींत 'तुडीलवाली चाल' म्हणून जे वाजतं ते तेच. वाजवणाऱ्यांपैकी अर्ध्यांना वाटतं, ते कुठल्याशा सिनेमातलं आहे.

काही वर्षांनी एक परदेशी बाई त्यांना शोधत आली. आफ्रिकेतल्या जुन्या तबकड्यांवर काम करणारी. मोंबासाहून मस्कत, मस्कतहून मुलीचा पत्ता, तिथून तुडील. तिच्याजवळ एका जुन्या संग्रहाचं पाकीट होतं, त्यावर वादकांची नावं आणि जन्म-मृत्यूची सालं. चाचांच्या नावापुढे जन्मसाल, मग रेघ, आणि रेघेपुढे प्रश्नचिन्ह. दुभाषा म्हणून मी होतो, माझ्या तोडक्या इंग्रजीसकट. मी अर्थ सांगितला तेव्हा चाचा हसले. म्हणाले, "बरोबर इचारलंय." बाईंनी दोन दिवस रेकॉर्डिंग केलं. ते गाणं चाचांनी पुरं वाजवलं, तिसऱ्या भागासकट. बाईंनी विचारलं, इथे शब्द आहेत का? चाचा म्हणाले, "हायत. पन माजे नायत. त्या बाईला इचारा." आपा चुलीपाशी होत्या. मी विचारलं. त्यांनी पाहुणीला आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "नाय."

सहा महिन्यांनी त्या रेकॉर्डिंगच्या सीडीचं पार्सल आलं. चाचांचा तरुणपणीचा फोटो, लांबलचक माहिती, आणि तिसऱ्या भागाविषयी असं छापलेलं की इथे वादकानं जाणीवपूर्वक मौन ठेवलं आहे. मी ते वाचून दाखवलं. भावंडं एकमेकांकडे बघून हसली. मी त्या दोघांना एकत्र हसताना फारसं पाहिलेलं नाही.

शेवटची दोन वर्षं बोटं आखडत गेली. वाजवणं थांबलं, पण गिटारीच्या तारा ते महिन्याला उतरवून पुसून पुन्हा चढवायचे. जाण्याच्या चार दिवस आधी दुकानात येऊन गेले. मी एका मोबाइलशी झटत होतो. ते म्हणाले, "ह्याच्यात काय दुरुस्त करायला उरलंच नाय, नुसतं बदलायचं." चहा घेतला, अर्धाच. मग एस.टी. चुकेल म्हणून गेले.

चाळिसावा झाल्यावर मी तुडीलला गेलो. मुलीचा मस्कतहून फोन आला होता, तिनं गिटार मागितली होती, आणि गावातला एक जण परत कामावर जाणार होता त्याच्याबरोबर ती गेलीही होती. कणग्यांच्या खोलीत खाट, पेटी, खुंटीला टोपी. मी दारातूनच पाहिलं. आपांनी चहा आणला. त्या आता थकल्या आहेत, पण आवाज तसाच आहे. बोलता बोलता म्हणाल्या, "त्याची एक खोड तुला म्हायती हाय?"

मला माहीत नव्हती.

"दारात आला की थांबायचा. नमाजेवरनं येऊ दे, नायतर नदीवरनं. आत यायच्या आधी म्हनायचा, 'होडी'. पयल्यांदा म्हनला तेव्हा मी म्हनलं, होडी कशाला रे, नदी तिकडं हाय. तर म्हनला, तिकडं असंच इचारतात, आत येऊ का म्हनून. मी म्हनलं, आपल्याच घरात कसलं इचारतोस? पन त्यानं सोडलं नाय. रोज. दिसातनं चार-पाच बार. होडी."

"आणि त्याला उत्तर काय द्यायचं असतं?"

"असतं काय तरी. त्यानं सांगितलं होतं. ये, जवळ ये, असं कायतरी." त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "तेरा वर्षं तो इचारून आत आला. मी एकदा पन ये म्हनलं नाय."

 त्यांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली.

"दार उगडं ठेवायची," त्या म्हणाल्या. "तेवडं त्याला कळायचं."